‘हीरो कॉल’ची हीरोगिरी आता पुरे!

पोकरच्या गप्पांमध्ये एक जमात हमखास भेटते. रिव्हरवर (म्हणजे टेबलावरचं पाचवं, शेवटचं पान उघडल्यावर) समोरच्यानं मोठी बेट लावली, की ही मंडळी म्हणणार, "दम असेल तर कॉल कर!" आणि कॉल करून हरलात, की तीच मंडळी, "एवढंही कळलं नाही?" म्हणजे निकाल बघून बाजू ठरवायची. ही कुठली अक्कल?

माझं म्हणणं साधं आहे. रिव्हरवरचा कॉल हा हिंमतीचा प्रश्न नाही, किमतीचा आहे. आणि तो बरोबर की चूक, हे समोरची पानं उघडायच्या आधीच ठरलेलं असतं.

हिशोब बघा. पॉटमध्ये १०० आहेत आणि समोरच्यानं १०० लावले. तुम्ही १०० देऊन २०० जिंकू शकता. म्हणजे तीनदा कॉल करून एकदा जिंकलात तरी बरोबरी. बेट ५० ची असेल तर चारातून एकदा पुरे. २०० ची असेल तर पाचातून दोनदा लागतं. म्हणून "आत्ता हा ब्लफ करतोय का?" हा प्रश्नच चुकीचा. "अशा जागी हा कितीदा ब्लफ करत असेल?" हे विचारायचं.

आता बिचाऱ्या सॅमी फरहाचं बघू. २००३ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, ८३९ खेळाडू, शेवटी उरले दोघं. फरहा मुरलेला व्यावसायिक, तर समोरचा ख्रिस मनीमेकर हा अकाउंटंट, ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला. टेबलावर इस्पिकची नव्वी, छक्की आणि अठ्ठी, शिवाय चौकटची दुर्री आणि बदामची तिर्री. फरहाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी, म्हणजे नुसती नव्वीची जोडी. मनीमेकरनं रिव्हरवर सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. फरहा बराच वेळ विचार करून पॅक झाला. मनीमेकरकडे होता फक्त राजा! पुढे तो २५ लाख डॉलर घेऊन गेला आणि फरहा मात्र कायमचा ‘फसलेला’ ठरला.

पण लोकहो, मनीमेकरची पानं आपल्याला कॅमेऱ्यानं दाखवली होती. फरहाला नाही! त्याच्या जागी बसून बघा. टेबलावर तीन इस्पिक, म्हणजे फ्लश (आपला तीन पत्तीतला कलर) शक्य. सत्तीबरोबर दश्शी किंवा पंजी असेल तर सिक्वेन्स शक्य. दोन जोड्या शक्य, तीन सारखी पानंही शक्य. इस्पिकची राणी स्वतःकडेच असल्यानं फ्लशची शक्यता थोडी कमी होते, एवढाच काय तो कॉलच्या बाजूचा मुद्दा. यावर डाव सोडणाऱ्याला भित्रा म्हणायचं? कॉलच बरोबर होता असं कुणाला वाटत असेल तर जरूर वाद घालावा, पण आकड्यांनी. "मनीमेकरकडे काहीच नव्हतं" हा पुरावा चालणार नाही.

मग मोठी बेट आली की नेहमीच पॅक व्हायचं का? अजिबात नाही. पॉटएवढी बेट आल्यावर तुम्ही निम्म्याहून जास्त वेळा पळत असाल, तर समोरचा हातात काहीही नसताना बेट लावूनही नफ्यात राहतो. म्हणजे भित्रेपणालाही किंमत आहेच.

"आणि चेहरा वाचायचं काय?" असं विचारणाऱ्यांना लिब्राटस आठवत असेल. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या या प्रोग्रॅमनं २०१७ मध्ये चार नामवंत व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवलं. पॉटच्या कितीतरी पट बेट लावून त्यानं त्यांना घाम फोडला. त्यानं आयुष्यात एकही चेहरा पाहिला नव्हता! ओळखीच्या माणसाचा हात थरथरताना दिसला तर अंदाज थोडा हलवा की, कोण नको म्हणतंय. पण आधी अंदाज हवा ना!

असो. यापुढे कुणी उघडी पानं बघून तुम्हाला शहाणपण शिकवायला आला, तर त्याला एवढंच विचारा, "पॉट किती होता आणि बेट किती होती?" उत्तर येत नसेल, तर खुशाल पॅक व्हा. त्या वादातून.