दुधाचे खाडे आणि हातचा

मे महिन्याची सुट्टी असो, दिवाळीची असो, की अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे अचानक मिळालेला एखादा दिवस असो, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडते. साडेआठला प्रार्थना आणि व्यायाम, नऊला मराठी वाचन, दहाला गणिताची वर्कशीट, अकराला टाकाऊतून टिकाऊ, जेवणानंतर विज्ञानाचा सोपा प्रयोग, चारला चित्रकला आणि संध्याकाळी सगळ्याचे फोटो ग्रुपवर. हे तयार करणारे शिक्षक कामसू असतात, यात शंका नाही. कामचुकार माणूस पीडीएफ बनवत बसत नाही. तरीही हा आराखडा मुळातच फसलेला आहे, असं माझं मत आहे. शाळेचा दिवस चालतो तो घंटेवर, शेजारी बसलेल्या मुलांवर आणि समोर उभ्या असलेल्या बाईंवर. या तिन्ही गोष्टी वजा करून उरलेले रकाने घरात आणून ठेवले, की मुलाच्या वाट्याला शाळेची पडछाया तेवढी येते. शिवाय घराकडे स्वतःचं म्हणून शिकवण्यासारखं जे असतं, त्याला या रकान्यांत जागाच मिळत नाही.

पहिली ते पाचवीच्या मुलाला घरी काही शिकायला मिळावं यासाठी दिवसभराचं वेळापत्रक लागत नाही. घरात तसंही चाललेलं एखादं काम, ते करता करता मोठ्या माणसाशी झालेलं बोलणं आणि शेवटी त्यातलं थोडंसं मुलाने स्वतः कागदावर उतरवणं, एवढं पुरतं. हे म्हणणं काही नवं नाही. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच सांगितलं होतं, की प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये. अपवाद केला होता तो घर आणि परिसर यांच्या शोधाचा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं नमूद आहे. म्हणजे चौथीतल्या मुलाचा आख्ख्या आठवड्याचा कोटा ती पीडीएफ पहिल्याच दिवशी सकाळी साडेदहाला संपवून मोकळी होते. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या गृहपाठविषयक संशोधनाचा २००६ मध्ये एकत्रित आढावा घेतला, तेव्हा गृहपाठ आणि गुण यांचा संबंध वरच्या वर्गांत ठळकपणे दिसला. लहान मुलांच्या बाबतीत तो फारच क्षीण होता. शेजारच्या मुलाला जास्त अभ्यास मिळतो म्हणून कासावीस होणाऱ्या पालकांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

घरच्या शिक्षणाची सर्वांत मोठी परीक्षा आपण नाइलाजाने देऊन बसलो आहोत. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे बंद झालेल्या शाळा राज्यातल्या पहिली ते चौथीच्या मुलांसाठी उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला, आणि काही शहरांत आणखी थोडा उशीर झाला. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा होती, दीक्षा ॲप होतं, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' होती. मात्र बहुतेक घरांत जे पोहोचलं ते म्हणजे मोबाइलवर येणाऱ्या अभ्यासाचे फोटो आणि वहीत उतरवून परत पाठवायचे फोटो. त्याच काळात आफ्रिकेतल्या बोत्सवानात सुमारे साडेचार हजार कुटुंबांत एक साधा प्रयोग झाला. तिसरी ते पाचवीच्या मुलांच्या पालकांना आठवड्यातून एकदा दोन-चार गणितांचा एसएमएस गेला. काही पालकांना त्याच्या जोडीला शिक्षकांचा पंधरा-वीस मिनिटांचा फोनही आला. नुसत्या एसएमएसने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्या घरी फोन आला, तिथली मुलं गणितात पुढे सरकली. पुढे भारतासह पाच देशांत अशा फोनवरच्या शिकवण्याची चाचणी झाली, तिथेही उपयोग दिसला. मजकूर थोडा आणि बोलणं जास्त, तेही मुलाला नेमकं कुठे अडतं ते पाहून, हे या प्रयोगाचं सार. आपल्या ग्रुपवर नेमकं उलटं चालतं.

बोलणं म्हणजे कशाबद्दल? दुधाच्या खाड्यांबद्दल, उदाहरणार्थ. अजूनही कितीतरी घरांत स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूध न घेतलेल्या दिवसाला फुली मारलेली असते आणि महिनाअखेरीला हिशेब होतो. समजा महिना एकतीस दिवसांचा, दूध रोज अर्धा लिटर, भाव लिटरला साठ रुपये आणि खाडे चार. एखादी आजी हा हिशेब कागद न घेता करते: एकतीस दिवसांचे नऊशे तीस, त्यातून चार दिवसांचे एकशे वीस गेले, आठशे दहा. तिच्या नातवाला तो वेगळ्या वाटेने करावासा वाटेल. आधी खाडे वजा, उरले सत्तावीस दिवस, म्हणजे साडेतेरा लिटर, आणि मग साडेतेराला साठने गुणायचं कसं, इथे तो अडकेल. तो अडकतो ती जागा सोन्यासारखी आहे. कारण आता दोघांना एकमेकांची रीत समजून घ्यावी लागते. तिला सांगावं लागतं की साठाच्या भानगडीत पडूच नकोस, रोजचे तीस धर. एका दिवसाचा भाव आधी काढायचा आणि मग दिवसांनी गुणायचं ही एकमान पद्धत. पुस्तकात ती नावानिशी भेटण्याआधी इथे कामाची म्हणून भेटते. शिवाय उत्तर बरोबर आलं का, हे सांगायला लाल पेनाची गरज नसते. दूधवाला पैसे घेताना सांगतोच. वर्कशीटवर छापलेल्या दुधाच्या गणितात आकडे हेच असतील, पण त्यात खाडा का पडला हे कुणाला माहीत नसतं, आणि उत्तर चुकलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

इथवर मान डोलावणारे काही वाचक पुढे जाऊन म्हणतील, की मग मुलांना नुसतं घरकामात ओढा, ती आपोआप शिकतील. या भाबडेपणाशीही माझं जमत नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर फळं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गाडीपाशी विचारलेले हिशेब त्यांनी जवळजवळ सगळे अचूक केले. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या आकड्यांत मांडली तेव्हा जेमतेम सदतीस टक्के बरोबर आली. पाचच मुलं, म्हणून कुणी हा पुरावा उडवून लावू शकेल. पण अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचा सहभाग असलेलं एक संशोधन २०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर'मध्ये आलं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांत त्यांना हेच दिसलं, आणि उलट बाजूही दिसली: शाळेत आकडेमोड करणारी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडखळत होती. दोन्हींकडे गणित आहे, मधला पूल नाही. म्हणूनच कागदावर उतरवण्याची शेवटची पायरी गाळून चालत नाही.

वीजबिल घ्या. त्यावर मागील रीडिंग ४२८७ आणि चालू रीडिंग ४३६५ असं छापलेलं आहे. तिसरी-चौथीतल्या मुलाला किती युनिट जळले ते विचारलं, तर ते बहुधा पुढे मोजत जाईल: तेरा घातले की ४३००, त्यावर पासष्ट, एकूण अठ्ठ्याहत्तर. उत्तर चोख आहे. आता हीच वजाबाकी वहीत उभी मांडून, हातचा घेऊन करायला लावा. पाचातून सात जात नाहीत, म्हणून दशकाचं दार ठोठावायचं, हे करताना त्याच्या मनात अठ्ठ्याहत्तर आधीच ठरलेलं असतं. उत्तर वेगळं आलं, तर चूक आपल्या मांडणीत आहे हे त्याला कुणी न सांगता कळतं. हातच्याची वजाबाकी वर्षानुवर्षं मंत्रासारखी पाठ करणाऱ्या मुलांना नेमकी हीच सोय नसते. भाषेचंही तसंच आहे. वाण्याची यादी मोठ्याने सांगायची आणि मुलाने लिहायची. गोष्ट आजीने सांगायची आणि त्यातली चार वाक्यं मुलाने आपल्या शब्दांत उतरवायची. शुद्धलेखन त्या दिवशी बाजूला राहिलं तरी चालेल.

आक्षेप येतील, आणि ते दखल घेण्याजोगे आहेत. पहिला अर्थातच हा, की शिकलेल्या आईबापांच्या घरी हे सगळं ठीक, न शिकलेल्यांनी काय करायचं? उलट मला वाटतं, वर्कशीटच त्यांना दाराबाहेर ठेवते. ती वाचता आली पाहिजे, झेरॉक्सला पैसे पाहिजेत, रंगीत कार्डशीट पाहिजे. खाड्यांच्या हिशेबात मात्र मोठ्या माणसाला काम येत असलं म्हणजे झालं; अक्षराची बाजू मूल सांभाळतं, आणि घरात एखादी गोष्ट फक्त आपल्यालाच येते, याचा त्याला जो भाव चढतो तो वेगळाच. बालशिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हेच हेरलं होतं. बिया, शंख-शिंपले, पानं हीच त्यांची शैक्षणिक साधनं. आणि गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून त्या शाळाच कुरणावर घेऊन गेल्या. ज्यांच्या घरात पुस्तक नव्हतं, अशा मुलांसाठी ती पद्धत घडली. आज तिची आठवण महागड्या शाळांच्या माहितीपत्रकांत निघते, हा भाग वेगळा.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो जास्त बोचरा आहे. निरोपात 'पालकांनी' असं लिहिलेलं असलं, तरी उपक्रम करून घेते आई. तीही बऱ्याचदा कामावरून आल्यावर. दिवसभराच्या आराखड्याला तर घरात दिवसभर मोकळं माणूस हवं. शेतमजुराच्या, फेरीवाल्याच्या किंवा दोघंही नोकरी करणाऱ्यांच्या घरात ते आणायचं कुठून? बीडमधून ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांची मुलं निम्मं वर्ष आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतात. त्यांच्यासाठी 'घर' या शब्दाचा अर्थच निराळा. म्हणून जे सुचवायचं ते चालू कामातच बसलं पाहिजे, आणि ते कुणाबरोबरही करता आलं पाहिजे: आजोबांबरोबर, थोरल्या बहिणीबरोबर, दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या बापाबरोबर. वीस मिनिटं पुष्कळ झाली. उरलेला दिवस मूल काय करणार, मोबाइल बघणार, असं कुणी म्हणेल. मोबाइलचा प्रश्न खरा आहे, पण वर्कशीट त्यावर उतारा नाही. बहुतेक घरांत ती मोबाइलवरूनच येते.

तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. वाचायला शिकवणं हे शाळेचं काम आहे आणि ते घरावर ढकलता येणार नाही. 'असर' या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर घसरली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर आली. म्हणजे महासाथीआधीही चारपैकी साधारण एकालाच तो उतारा वाचता येत होता आणि २०२४ मध्येही तेवढ्यांनाच. हा खड्डा दुधाच्या हिशेबाने भरणारा नाही. तो भरायला वर्गात शिक्षक हवेत, अशैक्षणिक कामांतून त्यांची सुटका हवी आणि मागे पडलेल्या मुलाला त्याच्या पातळीपासून शिकवण्याची सवड हवी. घराने शाळेची जागा घ्यावी असं म्हणणाऱ्यांनी ही आकडेवारी समोर ठेवूनच बोलावं. इथे मागणी तेवढीच आहे, की शाळेने घराकडे काही मागायचंच असेल, तर जे घराकडे आहे ते मागावं.

आणि फोटो मागू नयेत. फोटो आला की उपक्रमाचा पुरावा होतो, आणि पुरावा नीटनेटका हवा म्हणून कातरी आईच्या हातात जाते. सर्वांत देखणं टाकाऊतून टिकाऊ कुणी केलेलं असतं, हे बाईंना ठाऊक असतं आणि आईलाही. त्याऐवजी ग्रुपवर एवढाच निरोप जावा: या आठवड्यात वीजबिल आलं तर दोन रीडिंगांतला फरक मुलाला काढू द्या, कसा काढला ते त्याला विचारा, आणि ते त्याच्याच अक्षरात लिहून सोमवारी पाठवा. मीटर नसेल तर वाण्याची चिठ्ठी चालेल, एसटीची तिकिटं चालतील. सोमवारी दहा मिनिटं त्या कागदांना द्यावीत. कुणाच्या घरी किती युनिट जळले, हे फळ्यावर यायचं कारण नाही; बिलावरून घराची ऐपत वाचता येते आणि मुलं ती वाचतात. फळ्यावर रीत लिहावी: एकाने पुढे मोजत जाऊन केलं, दुसरीने हातचा घेऊन, तिसऱ्याने भलतंच काहीतरी करून. तिसऱ्याचं आधी घ्यावं.