सवलतीचे वासे आणि मध्यमवर्गाचे घर

आर्थिक वर्ष संपत आले की शाळांच्या शिक्षकखोल्यांत आणि कचेऱ्यांच्या लेखाशाखांत एक ठरावीक संवाद ऐकू येतो. पगारातून किती प्राप्तिकर कापला जाणार, हे कळताच कोणी तरी अनुभवी सहकारी सल्ला देतो, ‘भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा कर्ज काढून घर घेऊन टाका, करही वाचेल.’ हा सल्ला चटकन पटतो, कारण त्यात दोन भीतींवर एकच उतारा असतो. घरांच्या किमती हाताबाहेर जातील ही एक भीती आणि कष्टाचा पैसा करापोटी जाईल ही दुसरी. हा सल्ला एके काळी बऱ्याच अंशी बरोबर होता. आज मात्र तो तपासून न पाहता स्वीकारणारा नोकरदार वीस वर्षांचे ओझे अशा आधारावर उचलतो, जो आधार आता त्याच्यासाठी उरलेलाच नाही.

सवलती कशा आल्या, कशा गेल्या

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने राहत्या घराच्या कर्जावरील व्याज उत्पन्नातून वजा करण्याची मुभा दिली होती. २०१४ च्या अर्थसंकल्पात तिची वार्षिक मर्यादा दीड लाखावरून दोन लाख रुपये झाली. मुद्दलाच्या परतफेडीला दीड लाखाच्या वेगळ्या मर्यादेत जागा होती; परंतु ती जागा भविष्यनिर्वाह निधी आणि आयुर्विमा यांनीच बहुधा भरलेली असे. २०१९ मध्ये ४५ लाखांपर्यंतच्या पहिल्या घरासाठी व्याजाची आणखी दीड लाखाची वजावट जाहीर झाली. ३१ मार्च २०२२ नंतर मंजूर झालेल्या कर्जांना ती मिळाली नाही.

दरम्यान २०२० मध्ये कमी दरांची, पण बहुतेक वजावटी नाकारणारी नवी करपद्धती आली. २०२३-२४ पासून तीच मूळ पद्धती ठरली. जुनी हवी असेल तर ती करदात्याने मुद्दाम निवडावी लागते. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही आणि मुद्दलाचीही नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून या पद्धतीत १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर प्राप्तिकरच लागत नाही.

याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वार्षिक ११ लाख पगार असलेल्या शिक्षकाने जुनी पद्धती निवडली, प्रमाणित वजावट, दीड लाखाची गुंतवणूक आणि गृहकर्जाचे दोन लाख व्याज हे सर्व वजा केले, तरी त्याला सुमारे ५४ हजार ६०० रुपये कर भरावा लागेल. नव्या पद्धतीत, कर्ज न काढता, त्याचा कर शून्य आहे. अर्थात, या पगाराच्या नोकरदाराला ‘कर वाचवण्यासाठी घर’ या वाक्प्रयोगाला काही अर्थच राहिलेला नाही.

रुपया देऊन आणे वाचवणे

ज्यांना जुनी पद्धती अजूनही फायद्याची ठरते, त्यांनीही हिशेब पुरता मांडावा. ५० लाखांच्या सदनिकेसाठी साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचे ४० लाखांचे कर्ज घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३४ हजार ७०० रुपये येतो. पहिल्या वर्षी व्याजापोटी जवळजवळ ३ लाख ३७ हजार रुपये जातात. वजावट मिळते फक्त दोन लाखांची, आणि वीस टक्के दराने कर भरणाऱ्याचा अधिभारासह कर वाचतो ४१ हजार ६०० रुपये. कर वाचवण्यासाठी व्याज भरणे म्हणजे रुपया खर्चून दोन आणे परत मिळाल्याचा आनंद मानणे होय. तीस टक्के दराच्या धनिकाला त्याच व्याजावर ६२ हजार ४०० रुपये मिळतात आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याला काहीही मिळत नाही. गरज जितकी कमी तितके साहाय्य अधिक, अशी ही उलटी व्यवस्था आहे.

भाड्याशीही तुलना करावी. असल्या सदनिकेचे भाडे महिना १३ हजार धरले तर वर्षाला १ लाख ५६ हजार होतात. मालकाचा खर्च म्हणजे व्याज, अधिक स्वतःच्या गुंतलेल्या १० लाखांवर बुडालेले ७० हजारांचे व्याज, उणे वाचलेला कर. म्हणजे सुमारे ३ लाख ६५ हजार. वरच्या दोन लाखांहून अधिक रकमेची भरपाई घराची किंमत वर्षाला किमान चार टक्क्यांनी वाढली तरच होते. ती वाढेलही, परंतु ‘भाडे वाया जाते’ असे म्हणताना व्याजही परत येत नाही, हे विसरून चालत नाही.

मुदतीची घाई

सवलतीला मुदत जोडली की विवेक अधिकच सुटतो. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि नंतर मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी कमी केले. वर्षअखेर नोंदणीसाठी मोठी गर्दी उसळली. ५० लाखांच्या घरावर दीड लाख वाचले, हे खरे. पण त्या वेळी सात टक्क्यांच्या आसपास बदलत्या दराने घेतलेल्या कर्जांचे पुढे काय झाले? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर अडीच टक्क्यांनी वाढवला. मूळ मुदत कायम ठेवायची तर ४० लाखांच्या कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे ५ हजार ८०० रुपयांनी वाढत होता. म्हणजे वाचलेले दीड लाख सव्वादोन वर्षांत संपले असते. हप्ता वाढवला नाही, तर तो जवळजवळ सारा व्याजातच जात होता. २०२५ मध्ये रेपो दर सव्वा टक्क्याने पुन्हा उतरला. तात्पर्य, सवलत एकदाच मिळते. व्याजदर मात्र वीस वर्षे पाठ सोडत नाही.

मग घर केव्हा घ्यावे?

घर हा केवळ गणिताचा विषय नाही, हेही तितकेच खरे. अकरा महिन्यांच्या कराराची टांगती तलवार, मुलांच्या शाळा, वृद्ध आईवडिलांची सोय या गोष्टी आकड्यांत बसत नाहीत. १ नोव्हेंबर २००५ नंतर शासकीय सेवेत आलेल्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना जुन्या स्वरूपाचे निवृत्तिवेतन नाही. उतारवयात डोक्यावर हक्काचे छप्पर असणे हाच त्यांचा मोठा आधार ठरणार आहे. म्हणून प्रश्न घर घ्यावे की नाही हा नसून, ते कोणत्या कसोटीवर घ्यावे हा आहे.

पहिली कसोटी मुक्कामाची. त्याच गावात किमान सात-आठ वर्षे राहण्याची खात्री हवी. पुण्यासारख्या शहरात सात टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून ५० लाखांच्या घरावर ३ लाख ८० हजार जातात. बदली होऊन लवकर विकावे लागल्यास ते बुडतात. शिवाय ताबा मिळालेले आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकले, तर मुद्दलावर घेतलेल्या वजावटी त्या वर्षीच्या उत्पन्नात परत मिळवल्या जातात. दुसरी कसोटी शिलकीची. किमतीचा पाचवा हिस्सा, नोंदणीचा खर्च आणि सहा हप्त्यांइतकी गंगाजळी हाती असावी. तिसरी हप्त्याची. हातात पडणाऱ्या पगाराच्या एकतृतीयांशाहून तो अधिक नसावा आणि दर दोन टक्क्यांनी वाढला तरी झेपावा. चौथी ताब्याची. बांधकाम रखडले तर भाडे आणि हप्ता दोन्ही भरावे लागतात, आणि बांधकाम पुरे होईपर्यंत जुन्या पद्धतीतही व्याजाची वजावट मिळत नाही. म्हणून भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले घर पत्करावे; निदान ‘महारेरा’कडील प्रकल्पाची नोंद तरी नीट वाचावी.

या कसोट्यांना उतरल्यावर मिळेल ती सवलत अवश्य घ्यावी. जुन्या पद्धतीत पतिपत्नी दोघेही सहमालक व सहकर्जदार असल्यास प्रत्येकाला स्वतंत्र वजावट मिळते. महाराष्ट्रात घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. ही सूट खरेदीच्याच वेळी मिळते आणि पुढच्या कोणत्याही अर्थसंकल्पाने ती परत घेता येत नाही.

शासनानेही यातून बोध घ्यावा. वीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्याला कराचा नियम दर तीन वर्षांनी बदलून देणे न्यायाचे नाही. वजावटीऐवजी पहिल्या घराच्या खरेदीवेळीच उत्पन्नानुसार थेट साहाय्य द्यावे आणि परवडणाऱ्या भाड्याची घरे बांधावीत. तोवर नोकरदाराने ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही जुनी म्हण थोडी उलटून लक्षात ठेवावी. सवलतीचे वासे आधी फिरतात. म्हणून घराचा भार स्वतःच्या मिळकतीच्या भिंतींवर पेलतो आहे ना, एवढे पाहूनच करारावर सही करावी.