जात सोडू, ऐरण सांभाळू

बकरी ईदच्या आधी आठवडाभर माझ्या चाचांच्या दुकानासमोर रांग असते. सुरा, सत्तूर, विळी, सगळ्यांना धार हवी असते. ईद झाली की त्या रांगेतलं कुणी वर्षभर तिकडे फिरकत नाही.

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. कॉलेजात लोह-कर्ब आलेख पाठ केला, मार्टेन्साइटवर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं. तापल्या लोखंडावर घाव मात्र एकही घातला नाही. चाचांनी हे शब्द ऐकलेले नाहीत. ते ट्रकच्या जुन्या पाट्यातून विळा घडवतात. नारिंगी तापलेल्या विळ्याची फक्त धार पाण्यात बुडवतात, बाहेर काढून ती घासून चकचकीत करतात. पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि धारेवर आधी पिवळसर, मग तपकिरी, मग निळी झाक येते. हवी ती झाक दिसली की पुन्हा पाणी. जरा घाई झाली तर धार टवका उडून तुटते, उशीर झाला तर लगेच बोथट होते. मी जे परीक्षेत लिहिलं, ते चाचा डोळ्यांनी ओळखतात.

तरीही कॉलेजात कुणी ‘शिकलगार म्हणजे काय रे?’ विचारलं की मी विषय बदलायचो. ‘सैकल’ म्हणजे पात्याला झिलई देणं, या अरबी शब्दावरून आपलं आडनाव आलं, हे मला तिशीत कळलं. दाऊद अलैहिस्सलाम यांच्या हातात लोखंड मऊ होत असे, हे आपण बयानात कौतुकाने ऐकतो. भट्टीवर काम करणाऱ्या मुलाचं स्थळ आलं की मात्र नाक मुरडतो. इस्लाममध्ये जात नाही म्हणणाऱ्या आपल्या घरांमधली ही गोष्ट आहे.

नुसता इतिहासाचा अभिमानही पुरत नाही. आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम गावात मुशीत पोलाद तयार होत असे आणि ते घ्यायला इराणी व्यापारी येत. भारतीय पोलादाचं रहस्य शोधायला इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडेने १८१९ मध्ये त्याचं पृथक्करण केलं. ती कला पुढे बंद पडली. ती ज्यांच्या हातात होती, त्यांना गिऱ्हाईकच उरलं नाही. आज चाचांच्या बाबतीत तेच होतंय. नांगराचा फाळ शेवटून घ्यायला येणारे ट्रॅक्टरमुळे कमी झाले, बाजारात पत्र्याचा विळा स्वस्त मिळतो. एक मुलगा रिक्षा चालवतो, दुसरा मोबाइलच्या दुकानात आहे.

यावर माझा एक मित्र म्हणाला, “शिकून कसेबसे त्या धुरातून बाहेर पडलो. आता परत जायचं का?” त्याचा प्रश्न खरा आहे. लोहाराच्या मुलाने लोहारच व्हावं, असं मी म्हणणार नाही. जन्माने गळ्यात पडलेलं काम ही कला नसते, सक्ती असते. म्हणून जात आणि कला यांची गाठ सोडायला हवी. ज्याला हौस आहे तो शिकेल, मग तो कुठल्याही बिरादरीचा असो. मुलगीही शिकेल. माझ्या चाचींनी आयुष्यभर भाता ओढला, घण मारला. त्यांना मात्र कारागीर कुणी म्हटलं नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, लोहारकामही आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज मिळू शकतं. आपल्या ओळखीच्या कारागिराला अर्ज करायला मदत करणं हे आपल्यासारख्यांचं काम आहे. पण कर्जाने शागीर्द आणि गिऱ्हाईक येत नाही. ते आपल्यालाच आणावं लागेल.

गेल्या सुट्टीत मी चाचांचं काम मोबाइलवर चित्रित केलं. कोणत्या अवजाराला कोणत्या रंगावर पाणी द्यायचं, हे त्यांच्याकडून वहीत उतरवून घेतलं. पहिल्यांदा घणही उचलला; दहा मिनिटांत हात भरून आले. चाचा हसले आणि म्हणाले, “पंधरा वर्षं उशिरा आलास.”

तुमच्याही गावात असा कुणी असेल. त्यांच्याशेजारी एक दिवस बसा, विचारा, लिहून घ्या. पुढच्या बकरी ईदला सुरा ऑनलाइन मागवू नका, त्यांच्याकडून घडवून घ्या. आणि किमतीत घासाघीस करू नका.