‘उजव्या खंडात गाठ’ एवढे पुरेसे नाही

सोनोग्राफीच्या अहवालात ‘यकृताच्या उजव्या खंडात गाठ’ एवढेच वाक्य आजही वाचावयास मिळते. शल्यविशारदाच्या दृष्टीने हे पाकिटावर नुसते गावाचे नाव लिहून पत्र टाकण्यासारखे आहे.

यकृताच्या सीमा बाहेरून दिसत नाहीत. त्या रक्तवाहिन्यांनी आखलेल्या असतात. डावे-उजवे भाग पृष्ठावरील दात्राकृती बंधाने होतात, असे दीर्घकाळ मानले गेले. खरी सीमा पित्ताशयापासून अधोमहानीलेकडे जाते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेम्स कँटली यांनी दाखविले. (सन यत-सेन यांना १८९६ मध्ये लंडनमधील चिनी वकिलातीतून सोडविण्यासाठी धडपडणारे गुरू ते हेच.) पुढे १९५७ मध्ये क्लोद क्विनो यांनी आठ विभागांची मांडणी ग्रंथरूपाने सिद्ध केली.

सामान्य वाचकांसाठी शेताचे उदाहरण घेऊ. पाटाचे पाणी वाफ्याच्या मधोमध येते, निचरा मात्र बांधालगतच्या चरातून होतो. तसेच येथे प्रवेशिका नीला, म्हणजे पोर्टल व्हेन, सुमारे तीन चतुर्थांश रक्त आणते, उर्वरित यकृत रोहिणी आणते. या दोघी पित्तनलिकेसह एकाच आवरणातून विभागाच्या गाभ्यात शिरतात. यकृत नीला मात्र विभागांच्या सीमेवरून वाहतात आणि दोन्ही बाजूंचे रक्त गोळा करतात. पहिला विभाग तेवढा स्वतंत्र वृत्तीचा. त्याच्या आखूड नीला थेट अधोमहानीलेत उघडतात. म्हणूनच बड-किअरी विकारात मोठ्या नीला बंद पडल्या तरी तो बहुधा तग धरतो, फुगतोही.

ही सामायिक चर कोणाच्या वाट्याला द्यावयाची, हा प्रश्न यकृतदानात जीवनमरणाचा ठरतो. उजवा भाग देताना मधली नीला दात्याकडे ठेवली, तर रुग्णाकडे गेलेल्या पाचव्या व आठव्या विभागांत रक्त तुंबू शकते; ती रुग्णाला दिली, तर दात्याचा चौथा विभाग अडचणीत येतो. दाता बहुधा आई, भाऊ किंवा पत्नी असते, आणि धडधाकट असते.

विभागांच्या रेषा माणसागणिक सरकतात, मग आकड्यांचा आग्रह कशाला, असा आक्षेप काही ज्येष्ठ घेतात. वस्तुस्थिती खरी आहे. उजवी यकृत रोहिणी कित्येकांत ऊर्ध्व आंत्र रोहिणीपासूनही निघते. परंतु मला हा आक्षेप उलट बाजूचा पुरावा वाटतो. माणसामाणसांत फरक असतो, म्हणूनच या रुग्णात काय दिसले ते लिहावयास हवे: विभाग कोणता, गाठ कोणत्या नीलेलगत आहे, अंतर किती मिलिमीटर, आणि प्रवेशिका नीला मोकळी आहे की नाही. दोन ओळींचे हे काम आहे. त्या नसल्या, की मोठ्या शहरी पोहोचलेल्या रुग्णाच्या साऱ्या तपासण्या पुन्हा होतात, आणि खर्च त्याच्याच खिशातून जातो.