चंद्रावरचा अक्षांश आणि फुकटची शून्ये

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ जिथे उतरले, त्या जागेचा अक्षांश ६९.३७३ अंश दक्षिण असा दिला जातो. दशांशचिन्हानंतर तीनच अंक. चंद्रावर अक्षांशाचा एक अंश सुमारे ३० किलोमीटरचा, म्हणजे तिसऱ्या अंकाचे मोल ३० मीटर. हीच संख्या ओकॅमल भाषेत साध्या ‘%एफ’ने छापली की ६९.३७३००० अशी उमटते. शेवटचे शून्य तीन सेंटिमीटरची ग्वाही देते. विक्रम लँडर स्वतःच सुमारे दोन मीटर रुंद! ती अचूकता कोणीही मोजलेली नाही. सहा अंक छापणे ही त्या आज्ञेची निव्वळ सवय.

‘%.३एफ’ लिहावे, हा उपाय विद्यार्थ्यांनाही ठाऊक असतो. तो अपुरा पडतो तो संख्या सुटी नसते तेव्हा. हास्केलमध्ये अक्षांश-रेखांशांचा ‘स्थान’ हा स्वतंत्र प्रकार केला आणि तो प्रिंटएफने छापायचा ठरवला, तर छपाईचे फंक्शन स्वतः लिहावे लागते. त्या फंक्शनला मूल्याबरोबर मागितलेली अचूकताही मिळते: ‘जस्ट ३’ किंवा, काहीच मागितले नसेल तर, ‘नथिंग’. घाईत लिहिणारा तिकडे पाहतच नाही. आत ‘शो’ वापरून मोकळा होतो. मग वापरणाऱ्याने लिहिलेले ‘.३’ मुकाट गिळले जाते. कंपायलर तक्रार करत नाही, कारण प्रकार जुळलेले असतात. प्रकारांच्या काटेकोरपणाचा अभिमान बाळगणाऱ्या भाषेत ही चूक अधिकच खुपते.

मागितलेली अचूकता दोन्ही घटकांपर्यंत पोहोचवणे, हे छपाईच्या फंक्शनचे पहिले कर्तव्य. कोणी सहा अंक स्पष्टपणे मागितले, तर जबाबदारी मागणाऱ्याची. ‘नथिंग’ आले तर मात्र सहाचा आकडा मनाने घेऊ नये. ‘स्थान’ या प्रकारातच मोजमापाची अनिश्चितता साठवावी आणि अंकांची संख्या तिच्यावरून ठरवावी. व्हर्नियरचे लघुतम माप नोंदवल्याशिवाय प्रयोगवही तपासली जात नाही. प्रोग्रॅमच्या उत्तरात मात्र पंधरा अंक बिनबोभाट खपतात. अर्थात, अंक कमी करायचे ते छापतानाच. साठवलेली संख्याच आधी छाटली, तर पुढच्या प्रत्येक गणितात ती छाटणी साचत जाते.

तक्त्यातले रकाने सरळ दिसावेत म्हणून शून्ये हवीत, असा आक्षेप येईल. पण रकान्याची रुंदी आणि अचूकता यांचे निर्देश प्रिंटएफमध्ये वेगवेगळे आहेत. उरलेली जागा कोरी सोडता येते.