डिझेल गाडीचा इंजिन लाइट लागलाय? सेन्सर बदलण्याआधी वायर तपासा

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या ईपीएने जाहीर केलं की २०२७ च्या मॉडेलपासून नवे डिझेल ट्रक असे बनवा, की डीईएफ संपलं म्हणून गाडीची ताकद एकदम तुटणार नाही. डीईएफ म्हणजे वेगळ्या टाकीत ओततो ते युरियाचं पाणी. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड म्हणजे नॉक्स वायू त्याने कमी होतात.

आपल्याशी याचा संबंध काय? १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि डिझेल कारची नॉक्स मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. नियम योग्यच आहे. पण तो पाळला जातोय का हे गाडी सेन्सरवरून ठरवते. सेन्सरची वायर तुटली तरी लाइट लागतो, काही गाड्यांत ताकदही कमी होते. मग गॅरेजवाला म्हणतो, "सेन्सर गेला, बदलावा लागेल." ज्याचं पोट गाडीवर आहे, त्याला हे महागात पडतं.

कोड काय सांगतो?

ब्लूटूथ ओबीडी डोंगल आणि मोबाइल ॲप असेल तर कोड तुम्हीच वाचू शकता. तीन प्रकार लक्षात ठेवा:

- यू ०२९डी: नॉक्स सेन्सरशी संपर्क तुटला.
- पी २२०२: नॉक्स सेन्सरच्या सर्किटमधला सिग्नल कमी.
- पी २०ईई: धूर शुद्ध करण्याची क्षमता कमी.

पहिल्या दोन्हींत संशय आधी वायरिंगवर घ्या. तिसऱ्यात डीईएफचा दर्जा, इंजेक्टर, कॅटॅलिस्ट, सेन्सर असं काहीही असू शकतं. म्हणजे कोड दोष कुठल्या भागात आहे ते दाखवतो, कुठला पार्ट बदलायचा ते सांगत नाही.

तपासणीचा क्रम

१. इंजिन थंड झाल्यावर कनेक्टर बघा. पांढरे खडे दिसले तर डीईएफ गळतंय. पाणी शिरलंय का, उंदराने वायर कुरतडलीय का, तेही पाहा.

२. इग्निशन चालू करून मल्टिमीटरने सेन्सरला सप्लाय आणि अर्थिंग मिळतंय का ते तपासा. कारला साधारण १२ व्होल्ट, मोठ्या ट्रकला २४.

३. बॅटरी काढून कॅनच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम हवा. १२० आला तर एका टोकाचा जोड तुटलाय, शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे.

४. हे सगळं ठीक निघालं, तरच सेन्सरवर शंका घ्या. तो धूर पुरेसा तापल्याशिवाय मोजायला लागत नाही, त्यामुळे थंड गाडीवरच्या रीडिंगवरून निकाल लावू नका.

कोड नुसता डिलीट करू नका, आधी स्क्रीनशॉट काढा. सिस्टिमला फसवणारा "एम्युलेटर" तर नकोच. लाइट विझतो, पण विषारी धूर तसाच बाहेर पडतो.

माझं मत स्पष्ट आहे: नियम सैल करण्यापेक्षा निदान नीट करणं जास्त गरजेचं. गॅरेजमध्ये एकच प्रश्न विचारा, "वायरिंग मोजलं का? आकडे दाखवा." उत्तर टाळलं, तर सेन्सरचे पैसे देऊ नका.