जिवंत प्रवाळाचं पार्सल कसं करतात, हे मुलांना शिकवावं का?



आज निबंध नाही, कृतिपत्रिकाही नाही. आमच्या शाळेत घडलेली एक गोष्ट सांगते आणि तिच्यावरचं माझं मत मांडते. पटेलच असं नाही. शिक्षण परिषदेत हेच बोलले तेव्हा निम्म्या जणांनी माना हलवल्या होत्या, त्याही आडव्या.

माझी शाळा मालवण तालुक्यात, समुद्राला लागून. वर्गातली बरीच मुलं मासेमारी करणाऱ्या घरांतली. बाकीच्यांकडे होमस्टे नाहीतर पर्यटकांची होडी. चौथीतला एक मुलगा एके दिवशी परिपाठाच्या आधीच स्टीलचा डबा घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला. डब्यात समुद्राचं पाणी आणि त्यात मुठीएवढा, तपकिरी, जाळीदार नक्षीचा गोळा. ओहोटीला खडकावरून छिन्नीने काढलेला. पुण्यातल्या त्याच्या मावसभावाने घरी समुद्री माशांची काचेची टाकी केली आहे. त्याने ह्याला एक व्हिडिओ पाठवला होता. परदेशातले हौशी लोक जिवंत प्रवाळाचे तुकडे खोक्यात भरून एकमेकांना कसे पाठवतात, त्याचा. "तू मला एक प्रवाळ पाठव, मी तुला दोन मासे पाठवतो," असा दोघांचा सौदा ठरला होता. आधी बाईंना दाखवायचं आणि शाळा सुटल्यावर कुरिअरवाल्याकडे जायचं, असा ह्याचा बेत.

आणि मी काय केलं? शाबासकी दिली. वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. डबा विज्ञान कोपऱ्यात शंख-शिंपल्यांच्या शेजारी ठेवला आणि त्याखाली 'प्रवाळ' अशी चिठ्ठी चिकटवली. कुरिअरचं उद्या बघू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वर्गाचं दार उघडलं तर वास. पाणी दुधाळ झालेलं, वर बुळबुळीत तार आलेली. गोळ्यावरचा तपकिरी थर सुटून मधेमधे पांढरा सांगाडा दिसत होता. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, ह्यां मेलां काय?" खरं सांगायचं तर तोवर ते जिवंत आहे ही गोष्ट वर्गात कोणाच्या डोक्यातच नव्हती. मला ती माहीत होती, पण पुस्तकातल्या वाक्यासारखी. डबा उचलून कोपऱ्यात ठेवताना ती आठवली नाही.

मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी वनविभागाला कळवलं. ते लोक आले, गोळा घेऊन गेले आणि वर्गाशी छान बोलले. कायदा थोडक्यात असा. दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती, तसंच काळं प्रवाळ, समुद्रपंखा वगैरे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या पंगतीत. तोडणं, जवळ बाळगणं, विकणं, पाठवणं, सगळा गुन्हा, आणि मेलेलं प्रवाळही त्यातून सुटत नाही. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. शिवाय आपल्या दारात मालवण सागरी अभयारण्य आहे, १९८७ साली जाहीर झालेलं, २९ चौरस किलोमीटरचं. किल्ल्याभोवतीचं पाणी त्यातच येतं.

एवढं सांगून विषय संपवता आला असता. पण ज्याने डबा आणला होता त्याने हात वर केला. "बाई, मग व्हिडिओतली माणसं तुरुंगात कशी नाहीत?"

ह्या प्रश्नापासून माझं मत सुरू होतं. काही सहकारी म्हणाले, "पॅकिंगबिकिंग सांगत बसू नका, उद्या पोरं खरंच पार्सल करतील. 'हात लावायचा नाही' एवढं सांगा आणि पुढचा पाठ घ्या." मला हे पटत नाही. 'हात लावू नका' हे आपण मुलांना दिवसातून दहा वेळा सांगतो, खडूच्या डब्यालासुद्धा. त्या दहांत हे अकरावं. प्रवाळ कसं पाठवतात हे मुलांना नीट, बारकाईने शिकवावं असं माझं म्हणणं आहे. ते शिकताना ते किती नाजूक आहे हे आपोआप कळतं. मला तरी तेव्हाच कळलं.

व्हिडिओतले लोक काय करतात ते बघा. त्यांच्याकडे टाकीतच वाढवलेलं मोठं प्रवाळ असतं. त्याचा बोटाएवढा तुकडा कापून तो चिनीमातीच्या छोट्या चकतीवर चिकटवतात. लगेच पाठवत नाहीत. कापलेली कड भरून यायला काही आठवडे जाऊ देतात. त्यांच्या देशात अशी देवाणघेवाण चालते, मात्र देशाची हद्द ओलांडायची तर दगडी प्रवाळाला आंतरराष्ट्रीय करारानुसार परवाना लागतो. आपल्याकडे आपल्या खडकावरून छिन्नीने काढलेल्या गोळ्याचा आणि त्यांच्या टाकीतल्या तुकड्याचा काही संबंध नाही. मुलांना हा फरक अगदी सहज कळला. "म्हणजे बाई, कलम केलेला आंबो आणि दुसऱ्याच्या बागेतलो चोरलेलो आंबो," असं एकाने सांगूनही टाकलं. मी ते फळ्यावर लिहिलं.

आता भरायची रीत. पिशवी जाड प्लास्टिकची आणि एकात एक अशा दोन. पाणी तुकडा पुरता बुडेल एवढंच, बाकी जागा हवेला, जमल्यास ऑक्सिजन भरून. असं का? प्रवाळ हा प्राणी. त्याच्या छोट्या छोट्या पॉलिपांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. दिवसा उजेडात ते शैवाल अन्न तयार करतं आणि ऑक्सिजनही देतं. खोक्यात अंधार. अंधारात शैवाल काही देत नाही, उलट दोघंही ऑक्सिजन वापरत राहतात. पाणी भरपूर आणि हवा थोडी ठेवली तर गुदमरायची वेळ येते. आपल्याला वाटतं पाणी जास्त म्हणजे जीव सुरक्षित. इथे तसं नाही.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. तुकडा पिशवीच्या बाजूला घासला तर त्याची नाजूक कातडी फाटते. म्हणून चकती थर्माकोलच्या तुकड्यात खोचून पाण्यावर उलटी तरंगत ठेवतात. प्रवाळ खाली तोंड करून पाण्यात लोंबतं, कशालाच टेकत नाही. गाडी कितीही हिंदकळली तरी ते आपलं झुलत राहतं.

मग तापमान. साधारण २४ ते २६ अंश सांभाळायचं असतं. त्यासाठी जाड थर्माकोलचं खोकं, आत कागदाचे बोळे, थंडीच्या दिवसांत गरम राहणारी पुडी आणि उन्हाळ्यात गार पुडी, तीसुद्धा कागदात गुंडाळून, पिशवीला न चिकटवता. आणि वेळ: आज निघून उद्या पोचलं पाहिजे. म्हणून जाणकार लोक शनिवारी पार्सल टाकत नाहीत, रविवारी ते गोदामात पडून राहतं. पोचल्यावरही घाई नाही. खोकं मंद उजेडात उघडायचं, बंद पिशवी टाकीच्या पाण्यात काही वेळ तरंगत ठेवायची, मग टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत घालत जायचं. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, त्यात घाण आणि कीड दोन्ही असू शकतात.

हे सगळं सांगताना आमच्या वर्गात एक मजा झाली. थर्माकोलच्या खोक्याचं नाव काढताच निम्मा वर्ग बोलायला लागला. सुरमई-पापलेटाची खोकी बर्फ घालून कशी भरतात, खालचा थर किती, वरचा किती, हे त्यांना माझ्यापेक्षा शंभर पटींनी ठाऊक. एकीच्या घरून जिवंत खेकडे बाहेरगावी जातात. तिने सांगितलं, नांग्या बांधायच्या, ओल्या गोणपाटात ठेवायचे, पाण्यात अजिबात नाही. खेकड्याचे कल्ले ओले राहिले तरी तो श्वास घेतो, म्हणून तो पाण्याशिवाय प्रवास करतो. साचलेल्या थोड्या पाण्यात उलट गुदमरेल. मासा बर्फात, खेकडा गोणपाटात, प्रवाळ पिशवीत उलटं टांगलेलं. तीन जीव, तीन पॅकिंगं. ही तासिका मी टाचणात लिहिली नव्हती.

त्यातच सगळ्यात अवघड प्रश्न आला. "बाई, मोठ्या ओहोटीला ह्यां प्रवाळ खडकार उघडां पडतां, तरी मरणा नाय. मग डब्यात पाणी होतां तरी कसां मेलां?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं की उद्या सांगते. रात्री वाचलं. ओहोटीला उघडं पडलेलं प्रवाळ अंगातून चिकट श्लेष्मा सोडतं आणि त्या ओलाव्यावर काही वेळ काढतं. थोड्या वेळाने भरती येते, ताजं पाणी येतं, श्लेष्मा धुऊन जातो. डब्यात भरती येत नाही. छिन्नीने फुटलेली कड सडायला लागते, तोच श्लेष्मा पाण्यात कुजतो, कुजताना ऑक्सिजन संपतो, आणि स्टीलचा डबा पत्र्याच्या वर्गात तापतो. रक्षण करणारी गोष्टच डब्यात विष होते. दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तेव्हा तो मुलगा खाली बघत होता. तो एकटा नाही, मीही त्या डब्याला झाकण लावून घरी गेले होते, हे मी वर्गात बोलून दाखवलं.

अशा गोलसर प्रवाळाची वाढ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर, बऱ्याच जातींत त्याहून कमी. मुठीएवढा गोळा म्हणजे वर्गातल्या मुलांच्या वयाचा असू शकतो. पावसाळ्यातलं गढूळ पाणी, जाळी, नांगर, पर्यटकांचे पाय आणि समुद्र तापला की रंग उडून पांढरं पडणं, एवढं सगळं सोसून तो वाढलेला असतो.

मग कोणीच प्रवाळ हलवत नाही का? हलवतात. हेही मुलांना सांगावं, नाहीतर गोष्ट अर्धी राहते. मुंबईत किनारी रस्त्याचं काम सुरू असताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ सापडलं. मुंबईत प्रवाळ! माझाही विश्वास बसला नव्हता. वनविभागाची रीतसर परवानगी घेऊन, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली २०२० च्या नोव्हेंबरमध्ये १८ वसाहती कुलाब्याच्या नेव्हीनगरकडच्या किनाऱ्यावर हलवल्या. अंतर एकाच शहरातलं. तेवढ्यासाठी परवानग्या आणि शास्त्रज्ञ. गुजरातमध्ये मिठापूरच्या किनाऱ्यावर तर एक जात नाहीशी झाली होती, तिचे तुकडे थेट लक्षद्वीपहून आणून लावले. आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पाण्यातही प्रवाळाचे तुकडे काँक्रीटच्या चौकटींवर बांधून वाढवण्याचा प्रयोग झाला आहे. ह्या सगळ्यांत प्रवाळ समुद्रातून काढलं ते पुन्हा समुद्रात लावण्यासाठी. माझ्या वर्गाने ह्याला 'बदली' म्हणायचं ठरवलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत हा शब्द पटकन समजतो.

आता आपल्या कपाटांकडे वळते, कारण खरी अडचण तिथेच आहे. किनाऱ्यावरच्या कितीतरी शाळांत काचेच्या कपाटात 'समुद्रातील वस्तूंचा संग्रह' असतो. 'समुद्रकिनाऱ्यावरील वस्तू जमवा' हा उपक्रम आपणच देतो. त्या संग्रहात पांढऱ्या प्रवाळाचे गोळे असतात, जाळीदार समुद्रपंखा असतो. बाजारात तोच समुद्रपंखा 'इंद्रजाल' म्हणून फ्रेम करून विकतात, घरात लावला की भरभराट होते म्हणे. वनविभागाने त्यावर छापे घातलेले आहेत. ज्याच्या घरात सापडेल त्याची भरभराट कशी होईल ते सांगायला नको. आमच्या कपाटातही दोन गोळे होते, माझ्या आधीच्या कोणीतरी ठेवलेले. तेही आम्ही त्याच दिवशी देऊन टाकले. तुमच्या शाळेत असतील तर लपवू नका, फेकूनही देऊ नका, मुख्याध्यापकांमार्फत वनविभागाला कळवा. आमच्याशी तरी कोणी रागाने बोललं नाही.

पॅकिंगचा प्रयोग मात्र जरूर करा, प्रवाळाशिवाय. आम्ही प्रवाळाच्या जागी मऊ मेणाची आकृती केली, कशाला घासली की लगेच ओरखडा दिसतो. ती चकतीवर चिकटवून काही गटांनी पिशवीत तशीच टाकली, काहींनी उलटी टांगली आणि सगळी खोकी सायकलच्या कॅरिअरवर बांधून मैदानाला दहा फेऱ्या मारल्या. शिवाय सारखंच कोमट पाणी स्टीलच्या डब्यात, कागदात गुंडाळलेल्या बाटलीत आणि थर्माकोलच्या खोक्यात ठेवून दर अर्ध्या तासाने तापमापी लावली. मापन, नोंदी, तक्ता, गणित, परिसर अभ्यास, सगळं त्यात आलं. खर्च शून्य, खोकी मासळीवाल्या पालकांनी दिली. वास आला थोडा.

मावसभावाला वर्गाने मिळून पत्र लिहिलं. मालवणीत लिहायचं की प्रमाण मराठीत, ह्यावरच एक तास गेला. शेवटी मालवणीत लिहिलं. प्रवाळ का पाठवत नाही ते त्यात आहे, मेणाच्या आकृतीचा फोटो आहे, आणि मे महिन्यात ये, ओहोटीला खडकावर दाखवतो, असं आमंत्रण आहे. त्याआधी मी वर्गाला नेणार आहे, येत्या पौर्णिमेच्या ओहोटीला. पालकांची संमतीपत्रं आली आहेत. सोबत पाणी, टोपी, वही. डबे घरी ठेवायचे, हे मुलांनीच यादीत लिहिलं आहे.